शिंगवालीचा भुऱ्या

माय,

तुला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊन आता एक पिढी उलटली, तेव्हा तुला कागद लिहायला बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे हे मला कळतं. पण परवा बार्शीटाकळीच्या बाजारात एका बाईच्या तोंडून एक गोष्ट ऐकली आणि तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. तुझ्यावरचा राग जुना झाला होता, अंगवळणी पडला होता. तो पुन्हा नवा होऊन बसला आहे. भांडावं तर तू समोर नाहीस. मेलेल्या माणसाशी भांडणाऱ्याची फार पंचाईत होते, कारण त्याचं बोलून झालेलं असतं आणि आपलं तोंडातच राहतं. तुझ्या बोलीत लिहावं असं मनात होतं, पण मला अक्षर शिकवलं ते मी पुढे ज्यांच्याकडे राहिलो त्या शेठच्या मुनीमजींनी, कापसाच्या गाठींवर खुणा घालता याव्यात म्हणून. ते देशावरचे, त्यामुळे लिहिताना माझा हात त्यांच्याच बोलीत वळतो. तुला हेही आवडलं नसतं.

माझं विचारणं एकच आहे. मी तुझा कोण होतो? मुलगा होतो की तमाशा? तू मला कुठून आणलंस हेसुद्धा तू कधी धड सांगितलं नाहीस. दर्यापूरच्या बाजारात गाडीखाली सापडला, असं एकाला सांगायचीस. दुसऱ्याला सांगायचीस की एका बाईची पाठ बरी केली, तिनं बदल्यात पोट्टं दिलं. गिऱ्हाईक जसं असेल तशी माझी जन्मकथा. मी जन्मतःच पांढरा. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, उन्हात पाच पावलं टाकली की डोळ्यांतून पाणी आणि अंगाची लाही. असं पोर कोणी टाकून दिलं असेल तर त्याचं मला नवल नाही. तू ते उचललंस याचंच नवल, आणि कशासाठी उचललंस हे कोडं मी जन्मभर सोडवत बसलो.

आपला धंदा शिंगाचा. आता अमरावतीत इंग्रजी दवाखाना झाला आहे, शिंग लावून घेणारे लोक कमी झाले, पण तेव्हा दुखऱ्या अंगाचं खराब रक्त काढायला शिंगवालीशिवाय कोण होतं? वस्तऱ्यानं पाठीवर बारीक चिरा द्यायच्या, त्यावर शिंगाचं रुंद तोंड बसवायचं, टोकाच्या भोकाला ओठ लावून आतली हवा ओढायची, आणि जिभेनंच मेणाची गोळी त्या भोकावर दाबून बसवायची. शिंग पाठीला धरून राहतं, रक्त शिंगात उतरतं, मग ते राखेत ओतून पुरायचं. तोंडात रक्त येत नाही. ज्याच्या तोंडात रक्त आलं त्याला धंदा येत नाही, हे तूच मला शिकवलंस. आणि तूच बाजारात बसलं की आधी माझ्या तोंडात विडा कोंबायचीस, कात जास्त घातलेला.

तुझी ती हाळी मला अजून ऐकू येते. अमरावतीचा बाजार भरलेला आहे, तू फाटकं पोतं अंथरून बसली आहेस, मी तुझ्यामागे बाभळीच्या सावलीत डोळे बारीक करून बसलोय. तू ओरडतेस, "या बाप्पा, या! पाठ दुखते, खांदा दुखते, डोकं दुखते? हा पाहा माहा भुऱ्या! भाकर खात नाई हा, रगतच पेते! म्हून तं असा पांढरा हाय, म्हून तं ऊन सोसत नाई त्याले! खराब रगत पेऊन टाकते, चांगलं तुमच्या आंगातच ठेवते!" मग मी शिंग लावतो, मेण बसवतो, आणि तू शिकवल्याप्रमाणे मान वळवून लोकांकडे पाहतो. ओठ लालभडक, हनुवटीवर एक ओघळ. बायका पदर तोंडाशी धरतात, पोरं पळतात, पुरुष हसल्यासारखं करतात आणि मागे सरकतात. आणि गिऱ्हाइकांची रांग लागते. भीती वाटली की माणूस लवकर बरा होतो, असं तुझं म्हणणं.

संध्याकाळी झोपडीत तू तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकतेस. रक्तावर जगणाऱ्या पोराला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर तेल. मी तीन खाल्ल्या की तू चौथी ताटात टाकतेस आणि म्हणतेस, "खाय न लेका, तीन भाकरीनं काय होते?" मला तेव्हा हसू यायचं. तेव्हा मी लहान होतो, मला वाटायचं हा आपल्या दोघांचा खेळ आहे. पुढे अंगात समज आली आणि लक्षात आलं की खेळ तुझा आहे, मी त्यातलं माकड. मला पाहून एखादी गरोदर बाई रस्ता बदलायची तेव्हा तू तिला कधी सांगितलं नाहीस, की बाई, तो विडा आहे.

आणि एक गोष्ट तर मी मनात फार घट्ट धरून ठेवली होती. उन्हानं माझं डोकं फुटायला यायचं. डोळ्यांपुढे अंधारी यायची, ओकाऱ्या व्हायच्या. त्यावर कपाळाला शिंग लावणं हा उपाय सगळ्या मुलखाला ठाऊक, आणि त्या उपायात तुझा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक दोन-दोन गावं ओलांडून तुझ्याकडे यायचे. पण मला तू कधी शिंग लावलं नाहीस. अकोटकडे फिरत असताना तर तू मला चालवत हिवरखेडला नेलंस, तिथल्या शिंगवाल्या म्हाताऱ्याकडे. तो माझ्या कपाळाला शिंग लावत होता आणि तू बाहेर, दाराकडे पाठ करून बसली होतीस. मी विचारलं, "तू काहून नाई लावत?" तू म्हणालीस, "मले नाई जमत तुह्यावर." बस, एवढंच. मला काय वाटलं असेल? जगाच्या पाठीला, मानेला, खरजेला, घामाला तू ओठ लावतेस, आणि माझ्या या पांढऱ्या कातडीची तुला शिसारी येते. मला शिकवतानाही तू मला तुझ्या पाठीवर कधी शिंग लावू दिलं नाहीस. मी शिकलो ते दुधीभोपळ्यावर, आणि मग परक्यांवर.

पुढे ती कापसाची वर्षं आली. सात समुद्रांपलीकडे कोणाची तरी आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेला आपल्या वऱ्हाडाची आठवण झाली. आगगाडी अजून इकडे पोचायची होती, तेव्हा सगळा कापूस बैलगाडीवर. अमरावतीच्या रस्त्यांवर गाड्यांच्या अशा रांगा लागायच्या की माणसाला पलीकडे जायला गाडीखालून वाकावं लागे. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. हमाल पायांनी कापूस तुडवून पोत्यांत भरायचे, त्यांच्या कंबरा धरायच्या, गाडीवानांचे खांदे धरायचे. आपल्याला उसंत नव्हती. तेव्हा मी मिसरूड फुटलेला जवान होतो आणि अजूनही उन्हात तू शिवलेली कुंची घालून हिंडायचो. तुझ्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे जोडलेली ती कुंची, डोळ्यांवर येईल एवढी पुढे ओढलेली. लहान बाळाची कुंची आणि खाली मिशा. लोक त्यालाही हसायचे.

अशात शेठची मान धरली. मोठं गोदाम होतं त्यांचं. आपण गेलो, मी शिंग लावलं, आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. घाबरले नाहीत. मला त्याच क्षणी ते आवडले. त्यांनी विचारलं, "अंधारात दिसते का रे तुले?" मी म्हणालो, अंधारातच बरं दिसतं. कापसाच्या गोदामात दिवा नेत नाहीत. एक ठिणगी पडली की सगळं भस्म. त्यामुळे भर दिवसाही आत काळोख, आणि त्या काळोखात चोरटे हमाल गाठी फोडून कापूस लांबवायचे. शेठना माझ्यासारखाच माणूस हवा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि हातात छत्री दिली. मुंबईची, काळ्या कापडाची, लोखंडी काड्यांची. माय, मी ती उघडून भर दुपारी चौकात उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा दुपारचं गाव पाहिलं. लोकांना ही गोष्ट कळायची नाही. तुला कळायला हवी होती.

तू चुलीपुढे होतीस. मी छत्री दाखवली आणि कामाचं सांगितलं. तू हात पुसलेस, छत्रीला शिवलीही नाहीस, आणि म्हणालीस, "छत्री त्यानं तुले नाई देली. छत्रीच्या भावात तुले घेतलं." मी म्हणालो, तू तरी मला काय दिलंस, भुताचं नाव? तेव्हा तुझा आवाज चढला. "मी तुले रगतपित्या म्हणतो ते पोटासाठी म्हणतो! हसत म्हणतो! तो म्हणन ते खरं मानून म्हणन! अन् एक दिवस तुले बी खरं वाटन!" मी कुंची डोक्यावरून ओढून काढली आणि तुझ्यापुढे फेकली. म्हणालो, "तू माही कोण लागतं? तुहं माहं नातं काय?" तू भाकरी उलटायला वाकलीस. ती करपली होती, एवढं मला दिसलं, आणि मी निघून गेलो.

उत्तर द्यायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? बाजारात तर हजार माणसांपुढे तुझं तोंड बंद होत नसे.

शेठकडे मी मन लावून काम केलं. इमानदारी म्हणतात ती काय, हे मला तिथे दाखवायचं होतं. कोणाला, ते आता सांगण्यात अर्थ नाही. गोदामाच्या काळोखात मी गाठींवर बसून राहायचो, आणि कोणी हात घातला की नुसता म्हणायचो, "कोण हाय रे?" समोरच्याची बोबडी वळायची. एकानं तर तिथेच धोतर ओलं केलं. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. ज्या जगानं मला पाहून थुंकावं त्या जगाचे पाय माझ्यापुढे लटपटताना पाहून बरं वाटायचं. पुढे शेठ मला काट्यापाशी उभं करू लागले. गाड्या यायच्या, माल तोलला जायचा, आणि कोणी वजनावरून हुज्जत घालू लागला की मी छत्रीखालून मान वर करायचो. हुज्जत संपायची. मी तुझा विडा तिथेही सोडला नव्हता. शेठ पाहुण्यांना म्हणायचे, "हे पाहा आमचं भूत. आमचं मीठ खाते, लोकाइचं रगत पेते." पाहुणे हसायचे, मीही हसायचो. जेवणाचं माझं पान गोदामामागे, कुत्र्यांच्या बाजूला. ते मला दिसत नव्हतं असं नाही. पण छत्री काळी, नवी, माझी होती, आणि मला वाटायचं की शेठ सगळ्यांसमोर भूत म्हणत असले तरी मनात माझी किंमत जाणतात. तुझ्याबद्दल जे मानायला मी तयार नव्हतो ते त्यांच्याबद्दल मी खुशाल मानलं.

तू अकोल्याला गेल्याचं मला गाडीवानांकडून कळलं. मग एक दिवस एक गाडीवान काट्यापाशी आला, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "शिंगवालीले पाठीवर काळपुळी झाली. लय वंगाळ हाय. मोर्णेच्या काठी पडून हाय." मी शेठकडे गेलो. ऐन हंगाम होता. शेठ म्हणाले, "तू गेला तं गोदाम कोण पाहीन? ती काय तुही सख्खी माय हाय?" हा प्रश्न मीच तुला विचारला होता, आणि उत्तर मिळालं नव्हतं. मी म्हणालो, "जातो मी." ते म्हणाले, "गेला तं वापस येऊ नको." तरी मी गेलो. रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांवर कोणी मला बसवून घेतलं नाही, म्हणून छत्री धरून चालत गेलो. वाटभर एकच हिशेब मनात घोळत होता. काळपुळीला वेळेवर चांगलं शिंग लागलं, आतलं सगळं ओढून निघालं, तर माणूस वाचतो. आणि माझ्याइतका छातीचा दम त्या वेळी साऱ्या वऱ्हाडात कोणाला नव्हता. हे मी फुशारकीनं म्हणत नाही, तूच म्हणायचीस.

मोर्णेच्या काठी पळसाच्या फांद्यांची एक खोपटी होती. तू पालथी पडली होतीस. पाठीवर वांग्याएवढी सूज, काळी-निळी, आणि तोंड जवळ नेलं की वास सहन होईना. उशाला काय होतं? माझी कुंची, घडी केलेली. मी नदीवर गेलो, चूळ भरली, ओठ घासून धुतले, विड्याचा रंग जाईतोवर धुतले. शिंग काढलं, वस्तरा काढला, तुझ्याजवळ बसलो. तू डोळे उघडलेस. माझ्या हातातलं शिंग पाहिलंस आणि अंगात त्राण नसताना सरपटत भिंतीकडे सरकलीस. "तू नको," म्हणालीस. "तू हात नको लावू. हिवरखेडच्या बुढ्याले सांगावा धाडला हाय. तो येईन." मी म्हणालो, तो येईतोवर विष अंगात पसरेल. तू म्हणालीस, "पसरू दे. तू जाय बाहेर. जाय!"

मी बाहेर गेलो. त्या वेळी माझ्या मनात काय झालं ते तुला सांगायचं आहे, कारण त्यावरच मी पुढची सगळी वर्षं काढली. मला वाटलं, ही घाबरली. जिनं माझ्या तोंडात विडा घातला, जिला ठाऊक आहे की या तोंडात कधी रक्ताचा थेंब गेला नाही, तीसुद्धा मरताना माझ्या तोंडाला घाबरली. आपणच उठवलेली आवई तिला स्वतःलाच खरी वाटली. मग जगात कोण उरलं? मग मी खरोखरच तो आहे, असं का म्हणू नये?

हिवरखेडचा म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. त्याचे दात गेलेले, हात थरथरणारे. ओठांत शिंगाचं टोक ठरत नव्हतं. आतून त्याच्या ओढण्याचा फुसफुस आवाज येत होता, मेण निसटत होतं, तो पुन्हा लावत होता, आणि मी खोपटीबाहेर बसून ऐकत होतो. माझ्या एका दमात जे झालं असतं ते त्याच्या वीस दमांत होत नव्हतं. ऊन चढलं. छत्री बाजूला पडली होती, मी ती मुद्दाम उघडली नाही. जळू दे म्हटलं. तेव्हा आतून तुझा आवाज आला, म्हाताऱ्याला सांगत होतीस, "त्याले म्हणा सावलीत बस." तुझं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते. मला ते दुसऱ्यांदा हाकलल्यासारखं वाटलं, आणि तुला दिसावं म्हणून मी उठून आणखी उघड्यावर जाऊन बसलो. मानेवर, हातांवर फोड आले. त्यांचे डाग अजून आहेत. दिवस मावळायच्या आत तू गेलीस. म्हाताऱ्यानं कुंची माझ्या हातात दिली आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी ऐकून घेतलं नाही. कुंची मोर्णेत फेकली आणि अमरावतीची वाट धरली.

शेठनी मला परत ठेवून घेतलं. दयेनं नव्हे, चोऱ्या वाढल्या होत्या म्हणून. पण ते फार दिवस चाललं नाही. ती परमुलखातली लढाई संपली आणि कापसाचा भाव असा कोसळला की चांदीच्या शेंब्या परत सोनाराकडे गेल्या. शेठच्या गोदामात माल तसाच पडून राहिला. कापूस देऊन बसलेले शेतकरी पैशांसाठी काट्यापाशी जमले, ओरडू लागले. आणि शेठ, ज्यांचं मीठ मी खात होतो ते शेठ, ओसरीवर येऊन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मी काय करू? हे भूत घरात घेतलं तवापासून बरकत गेली." भाव विलायतेत पडला, दगड मला पडले. भर दुपारी, त्याच चौकात, जिथे मी पहिल्यांदा छत्री उघडली होती. छत्रीच्या काड्या मोडल्या, कापड फाटलं. तू म्हणाली होतीस ते शब्दाशब्दानं खरं ठरलं, आणि त्याचा मला तुझ्यावर आणखीच राग आला. बरोबर ठरून तू मेली होतीस, त्याचा मला काय उपयोग होता?

मग अकोल्यालाच येऊन राहिलो. तू जिथे गेलीस त्या काठापासून लांब नाही. का, ते विचारू नकोस. सावल्या लांबल्या की शिंगाची पिशवी घेऊन निघायचं, विडा लावायचा, हाळी द्यायची. तुझीच हाळी. "भाकर खात नाई, रगतच पेतो!" आता स्वतःच स्वतःबद्दल ओरडतो. लग्न केलं नाही, कोणी दिलीही नसती. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. माणसं दुखणं घेऊन येतात, हलकी होऊन जातात, वळून पाहत नाहीत. मला ते बरं पडलं. जिनं लहानाचं मोठं केलं तीच शेवटी दूर सरकली, तर दुसऱ्यांकडून काय अपेक्षा करायची, असं म्हणून मी दिवस काढले.

आणि परवा बार्शीटाकळी. बाजारात माझ्याशेजारी आपल्याच धंद्यातली एक बाई बसली होती, जाडजूड, तोंडानं फटकळ. तिच्यामागे तिचा मोठा मुलगा कंबर धरून कण्हत होता. ती भराभर लोकांना शिंगं लावत होती आणि पोराकडे ढुंकूनही पाहत नव्हती. मला तुझी आठवण झाली, आणि माझं तोंड कडू झालं. मी म्हणालो, "बाई, लोकाइच्या कंबरा पाहून रायली, पोराच्या कंबरेले एक शिंग लाव न." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला शेण खायला सांगितलं होतं. "बुढा झाला अन् एवढं मालूम नाई?" ती म्हणाली. "आपल्या लेकराले कोणी शिंग लावते काय? लेकराचं रगत मायनं ओढावं? अन् मायचं लेकरानं? जीव गेला तरी नाई चालत. रगताच्या नात्यात शिंग नाई, बाप्पा. त्याच्यासाठी परका माणूस बलवा लागते. तुह्या मायनं शिकवलं नाई तुले?"

नाही शिकवलं. माय, तू मला हे शिकवलं नाहीस. वस्तरा कसा धरायचा ते शिकवलंस, मेण कसं मळायचं, राख कुठे पुरायची ते शिकवलंस, आणि हे एवढं शिकवलं नाहीस. का? शिकवायचं म्हणजे मला तोंडानं सांगावं लागलं असतं, की तू माझ्या रक्ताचा आहेस. आणि ते तर तुलाही ठाऊक होतं की खोटं आहे. आपल्यात कुठलं रक्त? तू मला बाजारातून उचललंस. मला शिंग लावलं असतंस तर तुला कोणी पाप लावलं नसतं. मी तुझ्या पाठीला ओठ लावले असते तर धंद्यातल्या कोणी बोट दाखवलं नसतं, आणि तू कदाचित आणखी दहा-वीस वर्षं बाजारात ओरडत बसली असतीस. नियम तुला लागूच नव्हता. तो तू आपणहून लावून घेतलास, हिवरखेडला कपाळ घेऊन गेलो त्या दिवसापासून पाळलास, आणि शेवटी त्यापायी जीव दिलास. आणि मला काय सांगितलंस? "मले नाई जमत." "तू नको." "सावलीत बस." एक शब्द, माय. एक शब्द जास्त बोलली असतीस, तर मी दुसरा कोणी माणूस झालो असतो.

मी तुला माफ केलेलं नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. त्या बाईचं ऐकून माझा राग निवाला असं तुला वाटत असेल तर ते चूक. पूर्वी तू मला कोणी नाही मानलंस म्हणून राग होता. आता मानलंस आणि सांगितलं नाहीस म्हणून आहे, आणि हा राग जास्त जड आहे, कारण याला कुठे टाकून देता येत नाही. माझेही आता दात पडले. ओठांत शिंग ठरत नाही, मेण निसटतं, आवाज तसाच फुसफुस येतो. हे कागद कुठे धाडायचे? तू जिथे पडली होतीस तिथे आता कापूस दाबायची गिरणी झाली आहे, वाफेवर चालणारी, तिचा भोंगा सकाळी इथवर ऐकू येतो. कागद पिशवीतच राहतील, शिंगांच्या खाली.

एक सांगायचं राहिलं. ती बाई एवढं बोलून थांबली नाही. मी शिंगं पिशवीत भरू लागलो म्हणून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं आवाज खाली आणून विचारलं, "काहून रे बुढ्या, तू लावलं होतं का मायले?" मी म्हणालो, "नाई. लावणार होतो. तिनं लावू नाई देलं." तिनं विचारलं, "सख्खी होती?" आणि मी विचार करायच्या आत हो म्हणालो.